वर जिन्याने, खाली लिफ्टने

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या एका सव्वीस मजली ब्लॉकमधून गेल्या वर्षी मार्च महिन्यात लिफ्ट बंद पडल्याच्या तीन तक्रारी गेल्या. तिन्ही वेळा लिफ्ट चालू होती. तक्रार करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा शर्ट घातलेला इंजिनिअर भल्या सकाळी, पाठीवर मोठी सॅक घेऊन, घामाने निथळत जिना चढताना दिसला, तर माणसाने दुसरा काय अर्थ काढायचा? आठव्या मजल्यावरच्या चिनी आंटीने त्यांना थांबवून विचारलंच, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?"

"नो, नो. लिफ्ट ओके," अंकल धापा टाकत म्हणाले.

"देन व्हाय यू वॉक?"

याचं उत्तर आठव्या मजल्यावर उभं राहून देण्याइतकं सोपं नव्हतं. अंकल पुढे चढत राहिले आणि आंटीने तक्रार केली.

तिन्ही तक्रारी फिरत फिरत अंकलच्याच टेबलावर आल्या. प्रबोध रामटेके, वय एक्कावन्न, सीनियर इंजिनिअर, यांनी त्या नियमाप्रमाणे तपासल्या, 'लिफ्ट सुस्थितीत आहे' असा शेरा लिहिला आणि निकालात काढल्या.

रामटेके मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, मग सिंगापूर. इथे तेवीस वर्षांत त्यांनी लाखो माणसांना वर नेलं आणि स्वतः मात्र त्याच पदावर राहिले. त्याचं त्यांना फार वाईट वाटत नसे. लिफ्ट ही त्यांच्या मते माणसाने केलेली सगळ्यात सभ्य गोष्ट होती. ती कुणाला जात विचारत नाही, ढकलत नाही आणि दार बंद करण्याआधी आवाज देते.

असा माणूस जिना चढू लागला, त्याचं कारण हिमनदी. ऑगस्टमध्ये त्यांना कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका नॅशनल पार्कमध्ये चार दिवस चालत एका हिमनदीपर्यंत जायचं होतं. आता सिंगापूरमध्ये सरावासाठी डोंगर शोधायचा तर सगळ्यात उंच डोंगर एकशे त्रेसष्ट मीटरचा, आणि त्यावर रविवारी इतकी गर्दी की चढताना श्वास लागण्याऐवजी नंबर लागतो. म्हणून रामटेक्यांनी आपल्याच ब्लॉकला डोंगर मानलं. सव्वीस मजले चढायचे, वर पोचलं की लिफ्टने खाली यायचं, पुन्हा चढायचं. दहा फेऱ्या म्हणजे सातशे तीस मीटर. चढाईचा आकडा रोज एक्सेलमध्ये जाई आणि तिथून आलेख निघे. लिफ्टने उतरण्यात तीन फायदे होते: वेळ वाचतो, गुडघे वाचतात आणि लिफ्टची तपासणीही होते. त्यांच्याइतकी व्यवस्थित तयारी त्या हिमनदीसाठी आजवर कुणी केली नसेल.

सॅकमध्ये वजन म्हणून तांदळाच्या पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्या असत. घरातले तांदूळ तेच. त्यामुळे सकाळचा डबा करायचा तर हर्षाताईंना आधी नवरा डोंगरावरून परत येण्याची वाट पाहावी लागे.

"मम्मी, व्हाय अवर राइस ऑलवेज सो वॉर्म, आह?" सतरा वर्षांची जाई एकदा म्हणाली.

"पप्पांच्या पाठीवर वाफवून येतो," हर्षाताई म्हणाल्या.

हर्षाताई पलीकडच्या ब्लॉकखाली असलेल्या पाळणाघरात काम करतात. दोन-तीन वर्षांची मुलं सांभाळणं, म्हणजे दिवसभर कुणाला तरी कुठून तरी खाली उतरवणं. रामटेक्यांचं घर बाराव्या मजल्यावर. तिथून हर्षाताई खाली जिन्याने जातात आणि वर लिफ्टने येतात. अकरा वर्षांपूर्वी त्या खाली येताना लिफ्टमध्ये पाऊण तास अडकल्या होत्या, एका हाताला सहा वर्षांची जाई आणि दुसऱ्या हातात कोलंबीची पिशवी. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की लिफ्ट खाली येतानाच अडकते. नवऱ्याने कागदावर आकृती काढून, लिफ्टला वर आणि खाली सारखंच असतं हे तीनदा समजावलं. त्यांनी आकृती नीट घडी करून ठेवली आणि जिन्यानेच उतरत राहिल्या. वर जाताना अडकले तर निदान घराच्या दिशेने अडकेन, असं त्या म्हणतात.

सराव सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "अहो, तिकडं उतरायचं पण असेल ना?"

"उतरणं आपोआप होतं. गुरुत्वाकर्षण असतं."

"मग मी रोज बारा मजले आपोआप उतरते का?"

"तुझी गोष्ट वेगळी. तू घाबरून उतरतेस."

त्यावर हर्षाताईंनी डब्याला झाकण लावलं. विषय संपला, आणि एक्सेलमध्ये उतरण्याचा रकाना कधी आला नाही.

हिमनदीच का, हे मात्र रामटेक्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवत. ज्या गावात गार पडली तरी लोक ती बोटाने दाखवत, तिथे रामटेके गुरुजी सातवीच्या मुलांना हिमनदी शिकवत. बर्फाची नदी असते, ती वाहते पण वाहताना दिसत नाही, वाटेतले दगडगोटे पुढे रेटत नेते आणि त्या ढिगाला हिमोढ म्हणतात. तालुक्याच्या वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात गुरुजींनी वाचलं होतं की जुना, दाबला गेलेला बर्फ निळा असतो. म्हणून फळ्यावर ते हिमनदी निळ्या खडूने काढत. एका वर्षी तपासणीला शिक्षण विस्तार अधिकारी आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, बर्फ कधी पाहिलाय का?"

"नाही, साहेब."

"मी पाहिलाय. मनालीला. पांढरा असतो."

वर्ग हसला. तिसऱ्या बाकावर बसलेला प्रबोधही हसला, कारण सगळे हसत होते. गुरुजींनी डस्टर उचललं, फळा पुसला आणि तीच हिमनदी पांढऱ्या खडूने पुन्हा काढली. त्यानंतर त्यांनी निळा खडू वापरला नाही. वैनगंगासुद्धा पांढरी काढली. तीन वर्षांपूर्वी गुरुजी गेले. टेबलाचा खण आवरताना रंगीत खडूंचा एक जुना डबा निघाला. लाल, पिवळे, हिरवे खडू झिजून चिमटीत न येण्याएवढे झालेले. निळे पाचही अख्खे.

त्यातला एक खडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून रामटेक्यांनी सिंगापूरला आणला. इंटरनेटवर निळ्या हिमनद्यांचे फोटो हवे तेवढे सापडतात, हे त्यांना माहीत होतं. पण फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. फोटोत लिफ्टसुद्धा प्रशस्त दिसते, असं ते म्हणत. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी, खडू बर्फाला लावून पाहायचं होतं. बस, एवढंच. बाकी आलेख, बूट, काठ्या हा सगळा या एका खडूचा पसारा.

सहलीचे म्होरके होते चारुदत्त केतकर. राहायला सिंगापूरच्याच क्वीन्सटाउन भागात, नोकरी आयटीतली, मूळचे पुण्याचे आणि अजूनही बऱ्यापैकी तिथलेच. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'हिमवेडे'. त्यावर रोज सकाळी ते एक सूचना टाकत आणि खाली लिहीत, 'ज्यांना झेपणार नाही त्यांनी आत्ताच सांगावं, नंतर तोंडं पाडू नयेत.' रामटेक्यांनी आपला आलेख टाकला तेव्हा मात्र ते विरघळले. 'याला म्हणतात तयारी,' त्यांनी लिहिलं. रामटेक्यांनी तो मेसेज जाईला दोनदा दाखवला.

रामटेक्यांबरोबर जाई जाणार होती. मे महिन्यात ती म्हणाली, "पप्पा, ऑगस्ट इज प्रिलिम्स. कॅनॉट, लाह." सिंगापूरमध्ये परीक्षेपुढे हिमनदीची काय कथा. तिच्या जागी हर्षाताईंचं नाव घालायचं ठरलं.

'वहिनींची तयारी आहे ना?' केतकरांनी विचारलं. 'ही काही सारसबाग नव्हे.'

'ती सावकाश येईल. नाही जमलं तर तंबूत थांबेल,' रामटेक्यांनी उत्तर दिलं. हे हर्षाताईंना ग्रुपवर वाचूनच कळलं. त्यांनी खाली अंगठा टाकला.

उत्तरेतला ऑगस्ट. दहाजणांचा गट, दोन गाइड. पुढे चालणारी एक उंच, कमी बोलणारी तरुणी आणि मागून येणारा साठीचा, त्याहून कमी बोलणारा गृहस्थ. पहिले दोन दिवस नदीकाठाने. अस्वलांना आपण येतोय हे कळावं म्हणून अधूनमधून आवाज करायचा होता. हे काम केतकरांना वेगळं सांगावं लागलं नाही. झाडं हळूहळू बुटकी होत गेली, मग गुडघ्याएवढी झुडपं राहिली, मग नुसतं शेवाळ. संध्याकाळ संपतच नसे. डोंगरांवर पिवळा उजेड तासन् तास थांबून राही, निघायची वेळ झालेल्या पण दारात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. हर्षाताई शेवटून दुसऱ्या चालत. त्यांच्या मागे फक्त म्हातारा गाइड.

तिसऱ्या दिवशी मोठी चढण होती. सहाशे मीटर, उभी. रामटेक्यांनी ती खरोखर गाजवली. छाती न भरता, न थांबता, मजले मोजत ते चढले. केतकर मागे पडले, गाइडसुद्धा एकदा मान वळवून पाहती झाली. डोंगराच्या धारेवर सगळ्यात आधी पोचले ते रामटेके. त्यांच्या एक्सेलमधला प्रत्येक आकडा खरा ठरला होता.

धारेच्या पलीकडे हिमनदी होती. रामटेक्यांनी खाली पाहिलं. ती निळी नव्हती. पांढरीही नव्हती. मैलभर रुंद, धुळीने माखलेली, करड्या रंगाची एक पट्टी दगडांमध्ये पसरली होती, रस्त्याचं काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळून गेल्यासारखी. त्यांनी खिशातला खडू चाचपला.

"जवळ गेल्यावर दिसेल," मागून पोचलेल्या हर्षाताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "भेगांमध्ये दिसतो म्हणे. मी त्या मुलीला विचारलं."

पण जवळ जायचं म्हणजे धारेवरून अडीचशे मीटर खाली उतरायचं होतं. सैल दगडांचा उतार. "हिमोढ," रामटेके पुटपुटले. हा शब्द येणारे त्या उतारावर ते एकटेच होते. मग त्यांनी पहिलं पाऊल खाली टाकलं.

तीसेक पावलांवर त्यांच्या मांड्या थरथरू लागल्या. आधी त्यांना वाटलं दगडच हलतोय. पन्नासाव्या पावलाला डावा गुडघा अचानक दुमडला आणि ते बसले. उठले. पुन्हा बसले. पाच महिने हे पाय फक्त वर जायला शिकले होते. खाली जायचं म्हटलं की ते कुणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत थांबत होते.

गाइड परत वर आली. तिने त्यांचा गुडघा पाहिला. "सराव कशावर केला?"

"जिन्यावर. सव्वीस मजले, रोज दहा वेळा."

"छान. आणि उतरायचा?"

रामटेक्यांनी हर्षाताईंकडे पाहिलं नाही. "लिफ्ट," ते म्हणाले.

गाइडने नुसती मान डोलावली. कॅनडात लोक फार सभ्य असतात. केतकर मात्र भारतीय होते. "अहो रामटेके, हिमनदीला लिफ्ट बसवायचं कंत्राट तुम्हालाच देऊ," ते म्हणाले आणि पुढे उतरले. त्यांना ग्रुपचं बॅनर बर्फावर धरून फोटो काढायचा होता, आणि ऊन कलत होतं.

गाइडने निर्णय सांगितला. संध्याकाळी याच वाटेने धार ओलांडून तंबूकडे परतायचं आहे, तिकडचा उतार याच्या दुप्पट. त्यासाठी पाय शिल्लक हवेत. रामटेक्यांनी धारेवर थांबावं, म्हातारा गाइड सोबत राहील. बाकीच्यांनी दोन तासांत जाऊन यावं.

नवराबायको पुन्हा धारेवर आले, मागून म्हातारा गाइड. वर यायला रामटेक्यांना काहीच त्रास झाला नाही. ते दगडावर बसले. "पाय थरथरून राहिले ना," ते म्हणाले. एरवी ते घरातही प्रमाण मराठी बोलत. घाबरले की नागपूर बाहेर येई. "बाबांना काय सांगू मी आता?"

इथे 'मी म्हटलं होतं' असं म्हणायला चांगली जागा होती. वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता आणि श्रोता पळून जाऊ शकत नव्हता. हर्षाताईंनी ती संधी का सोडली, हे त्यांनाच माहीत. त्यांनी हात पुढे केला. "खडू द्या."

"तू जाणार?"

"तंबू इथून लांब आहे. थांबायचं कुठं मग?"

अंगठ्याचा हिशेब असा तीन महिन्यांनी चुकता झाला. रामटेक्यांनी पिशवी दिली.

"नीट लावून पाहशील ना? वरवर नको. भेगेत."

"पाहते. निळा असेल तर खालून एक हात वर करीन."

"आणि पांढरा असेल तर?"

हर्षाताईंनी पिशवी जाकिटाच्या खिशात ठेवली. रामटेकेच म्हणाले, "तर काही करू नको. तशीच ये."

त्या उतरल्या. पाय आडवा ठेवून, भार सावकाश सोडत, दुसरा पाय आणत, अकरा वर्षं रोज बारा मजले उतरणारी बाई जशी उतरेल तशी. केतकरांना त्यांनी निम्म्यावर गाठलं. "जरा बाजूला, भाऊ," त्या म्हणाल्या. वरून फक्त त्यांचं लाल जाकीट दिसत होतं. म्हाताऱ्या गाइडने थर्मासमधून चहा ओतून रामटेक्यांच्या हातात दिला. लाल ठिपका बर्फावर पोचला, उंच मुलीच्या मागे चालत एका करड्या फुगवट्याआड गेला आणि दिसेनासा झाला. बाकीचे ठिपके अलीकडेच बॅनर उलगडत होते.

वीस मिनिटं गेली. चहा निवला. हिमनदी वाहते पण वाहताना दिसत नाही, हे वाक्य रामटेक्यांनी सातवीत पाठ केलं होतं. आता ते तिच्याकडे टक लावून बसले होते.

लाल ठिपका फुगवट्याआडून बाहेर आला, थांबला, वळला आणि त्याने हात वर केले. दोन्ही.

एक म्हणजे निळा. काहीच नाही म्हणजे पांढरा. दोन म्हणजे काय, हे ठरलं नव्हतं. रामटेके उठून उभे राहिले. त्यांनीही दोन्ही हात वर करून हलवले. खालून पुन्हा दोन हात. असं बराच वेळ चाललं. म्हाताऱ्या गाइडला ते हिंदुस्थानी पद्धतीचं काही असावं असं वाटलं आणि आदराने तोही उभा राहिला.

हर्षाताई वर पोचेपर्यंत पाऊण तास गेला.

"दोन हात म्हणजे काय?" रामटेक्यांचा पहिला प्रश्न.

"एकाने पुरलं नसतं." त्या दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या. "त्या मुलीने दोर बांधून भेगेपाशी नेलं. एका वेळी एकच माणूस. मी खडू आत धरला, बर्फाला टेकवून. खडूच फिका पडला, हो. पांढुरका दिसायला लागला. बाबांच्या खडूला तेवढा निळा जमलाच नव्हता."

ओला झालेला खडू रामटेक्यांनी रुमालात गुंडाळला, मग तो रुमाल परत बायकोकडेच दिला.

तंबूकडचा उतार त्या दिवशी ते कसे उतरले, याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. अर्धा तर बसूनच. हर्षाताई दोन पावलं पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, पाळणाघरातल्या आवाजात सांगत होत्या, "डावा पाय. शाब्बास. आता उजवा. खाली नाही बघायचं, माझ्याकडे बघायचं." केतकर मागून शांतपणे चालत होते. त्यांच्याही मांड्या भरून आल्या होत्या आणि मनातल्या मनात ते बहुधा त्याच तालावर पाय टाकत होते.

सप्टेंबरमध्ये केतकरांच्या क्वीन्सटाउनच्या घरी फोटो पाहायचा कार्यक्रम झाला. पंचवीसेक माणसं, भेळ, मोठा टीव्ही. बॅनरचे सोळा फोटो झाल्यावर हर्षाताईंनी काढलेला भेगेचा फोटो आला. त्यांच्या फोनने स्वतःच्या बुद्धीने तो उजळून, सुधारून ठेवला होता. बर्फ पांढराशुभ्र. टेकवलेला खडूही जवळजवळ पांढरा. विस्तार अधिकारी असते तर खूश झाले असते.

"वहिनी, हा का तुमचा निळा बर्फ?" केतकर म्हणाले. "अहो, मी उभा होतो त्यावर. पांढराच होता. वरून थोडा मळका, इतकंच."

लोक हसले.

"निळा आहे," मागच्या खुर्चीवरून रामटेके म्हणाले.

"तुम्ही पाहिलात का, रामटेके?"

हा प्रश्न रामटेक्यांनी पूर्वी एकदा ऐकला होता. ते उभे राहिले. गुडघा अजून थोडा दुखत होता.

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

"हिने पाहिलाय. निळा आहे."

कुणीतरी भेळेच्या वाटीत चमचा फिरवला. रामटेके बसले नाहीत. केतकरांनी टीव्हीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि रिमोटचं बटण दाबलं.

पुढचा फोटो खालून, बर्फावरून काढलेला होता. पडदाभर करडा उतार, वर आकाश, आणि धारेवर एक बारीक काळा ठिपका, दोन्ही हात वर केलेला.

"हे कोण आता?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"हे," हर्षाताई म्हणाल्या. "मला विचारताहेत."